रडणारं बाळ, अफूची गोळी आणि आईचे हात

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे एका कानात इअरफोन घालून, खांद्यावर दीड महिन्याचं बाळ थोपटत, रात्री दोन वाजता घरात येरझाऱ्या घालतायत. आवाज कमी ठेवा, आपण हळूच बोलू.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दूध पिऊन झालेलं, दुपटं कोरडं, अंगात ताप नाही, तरी लेकरू संध्याकाळी सातला सुरू होतं ते थांबतच नाही. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालबुंद होतं. मग घरातला प्रत्येक जण एक उपाय सांगतो. घुटी दे, ग्राइप वॉटर दे, दृष्ट काढ, झोळीत टाक. हे उपाय आले कुठून? आणि त्यातले बाळाच्या सोयीचे कुठले, मोठ्यांच्या सोयीचे कुठले? आज ती गोष्ट.

सुरुवात मारेगावपासून करू. यवतमाळ जिल्ह्यात, वणीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. काळी जमीन, कापसाची वावरं. ब्रिटिशांच्या काळात या जिल्ह्याला वणीच्या नावानेच ओळखायचे. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि वऱ्हाडाच्या कापसाला एकदम भाव आला. कापूस वाढला तसे वेचणीला हात लागले. ते हात बहुतेक बायकांचे.

आता बाई वावरात गेली की तान्हं लेकरूही वावरात. धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी. लेकरू रडलं की जवळून जाणारी कोणीही बाई एक झोका द्यायची. सात-आठ वर्षांची मोठी बहीण झोळीपाशी राखणीला. त्या पोरीचं बालपण त्यात गेलं, हेही विसरायला नको. पण एक गोष्ट होती: आई हाकेच्या अंतरावर असायची. पान्हा फुटला की येऊन पाजायची.

घरी आजीबाईचा बटवा. त्यात वेखंड, जायफळ, सुंठ, हिरडा, आणि आपल्या भागातल्या जंगलात झुडपांवर येणारी मुरुडशेंग. कधी पाहिलीय? दोरीला पीळ द्यावा तशी ही शेंग पिळलेली असते. पोटात मुरडा, शेंगेलाही मुरड, म्हणून ही पोटाची दवा! असा हिशोब जगभर सापडतो: जशी वस्तू दिसते, तसा तिचा गुण. सहाणेवर दोन-चार वेढे उगाळायचे आणि दुधातून चाटवायचे. बाळंतिणीला बाळंतशेपा खायला द्यायचे. हे शेपा लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणारेत.

आता त्याच कापसामागे मुंबईला जाऊ.

कापसाच्या गाठी रेल्वेने मुंबईला, तिथे गिरण्या. १९२० च्या दशकात या गिरण्यांमध्ये दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पण गिरणीत बाभळीचं झाड नाही. साच्याच्या खडखडाटात, उडणाऱ्या कापसाच्या धुळीत झोळी कुठे बांधणार? दहा तासांची पाळी. चाळीतली खोली बंद, बाळ म्हातारीकडे किंवा शेजारणीकडे. आणि ते रडायला नको.

मग आली ‘बाळागोळी’. छोटी गोळी, आत अफू. सकाळी आई कामाला निघताना द्यायची, बाळ दिवसभर झोपून. अफू तेव्हा चोरून आणावी लागत नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची आणि त्यातून सरकारला महसूल मिळायचा. १८९३ मध्ये ब्रिटिशांनी अफूवर शाही आयोग नेमला, त्याच्यासमोरच्या साक्षींमध्ये तान्ह्या बाळांना अफू देण्याचा विषय पुन्हा पुन्हा आला. पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं तपासायला डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांना नेमलं. त्यांना काय दिसलं? गिरणीत जाणाऱ्या जवळपास सगळ्याच आया बाळाला अफू देत होत्या.

अफू पोटदुखी बरी करत नाही, बरं का. ती बाळाला गुंगवते, श्वास मंद करते. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे भूक लागली तरी बाळ रडत नाही. रडणं हे बाळाकडचं एकमेव बोलणं. तेच बंद केलं तर उपाशी बाळ गपगार पडून राहतं आणि सुकत जातं. घरातले म्हणतात, किती शहाणं आहे!

आपण मागास होतो म्हणून हे झालं, असं समजू नका. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ नावाची बाटली घरोघर होती. आत मॉर्फिन, म्हणजे अफूचाच अर्क. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर असे घटक छापणं सक्तीचं झालं आणि १९११ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने तिला बाळं मारणाऱ्या औषधांच्या यादीत टाकलं. इंग्लंडच्या गिरणगावांतही ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूचंच औषध चालायचं. जिथे आईला पाळीवर जायचं होतं, तिथे बाळाला गप्प करणारी बाटली पोचली.

आणि ग्राइप वॉटर? ते १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने बनवलं. आत काय? शेपाचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि दारू. हो, अल्कोहोल, साधारण ३.६ टक्के. बाळ शांत व्हायचं यात नवल ते काय! ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल काढायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. आज आपल्याकडच्या बाटल्यांवर ‘अल्कोहोल नाही’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे उरलं काय, तर आपल्या बाळंतशेपाचं तेल आणि गोड पाणी. त्याने हे रडणं थांबतं याला भक्कम पुरावा नाही.

मग हे रडणं आहे तरी काय? १९५४ मध्ये मॉरिस वेसल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने ‘कॉलिक’ची एक व्याख्या केली: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त. १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आयांना रडण्याची डायरी ठेवायला लावली. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. निरोगी बाळांतही. म्हणून तर ‘सव्वा महिना’ झाला की बाळ जास्त रडायला लागतं आणि घरात सगळे म्हणतात, कुणाची तरी नजर लागली!

आणि आता परत झोळीकडे. १९८६ मध्ये माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी काही आयांना सांगितलं, बाळ रडो न रडो, रोज तीन तास जास्त कडेवर घ्या. सहा आठवड्यांच्या वयाला ती बाळं ४३ टक्के कमी रडत होती. पुढे आफ्रिकेच्या कलाहारीतल्या, दिवसभर अंगाला बाळ बांधून फिरणाऱ्या आयांचा अभ्यास झाला. तिथली बाळंही तितक्याच वेळा रडायची, सहा आठवड्यांचा उंचवटा तिथेही होता. पण प्रत्येक रडं छोटं असायचं. म्हणजे हातांनी रडणं नाहीसं होत नाही, आखूड होतं. आणि कॉलिकचं रडणं एकदा पक्कं सुरू झालं की नुसतं उचलून घेण्याचाही फारसा फरक पडत नाही. अशा वेळी बाळ गप्प होत नाही म्हणून आईला दोष देऊ नका.

जुन्या गोष्टी सगळ्या संपल्यात असंही नाही. पोट फुगलं म्हणून तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके द्यायचे, याला मेळघाटात ‘डंबा’ म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीतही चिखलदरा तालुक्यातून अशी बातमी आली. ते आईबाप क्रूर नसतात, घाबरलेले असतात. आणि त्यांच्या दारात त्या क्षणी जो पोचतो, त्याचं ऐकतात. म्हणून दारात कोण पोचतं हे महत्त्वाचं. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसावा दिवस, म्हणजे नेमका सहावा आठवडा. त्या दिवशी त्यांना रडण्याबद्दल मोकळेपणाने विचारा.

तर आज रात्री काय करायचं? छातीशी धरा, ढेकर काढा, चाला. जपानच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सांगितलं: पाच मिनिटं न थांबता चाला, झोप लागली की पाच-आठ मिनिटं तसेच बसा, मग हळूच खाली ठेवा. झोपवताना पाठीवर, सपाट जागी. झोळीत असेल तर हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, हे बघत राहा. सहा महिने दुधाशिवाय तोंडात काही नाही. घुटी नाही, मध नाही. डोकं फिरायला लागलं तर बाळाला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाहेर जा, पण कधीही गदागदा हलवू नका. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, टम्म फुगलेलं पोट, दूध न ओढणं, बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

आणि हे ऐकणारे बाबा, काका, मामा, शेवटचं तुमच्यासाठी. कामाला गेलेल्या आईच्या जागी बाळ घ्यायला कोणाचे हात मोकळे नव्हते, म्हणून अफूची गोळी आली. कापूस वेचणाऱ्या बाईला आजही पगारी बाळंतपणाची रजा नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर इअरफोन काढा, बाळ तुमच्या खांद्यावर घ्या आणि तिला दोन तास झोपू द्या.

भेटू पुढच्या भागात.