न कुजणाऱ्या फळीच्या शोधात

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल किंवा व्हँकुव्हर या शहरांतील साधी घरे पाहिली तर बहुतेकांच्या मागच्या अंगाला एक लाकडी ओटा दिसतो. त्याला तिकडे डेक म्हणतात. आपल्या पडवीला निदान वरून पाखे असते. हा ओटा मात्र उघडा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतला कडीपाटच जणू घराबाहेर काढून पावसात ठेवलेला. सिएटलच्या आसपास आता बरीच मराठी कुटुंबे राहतात आणि घर घेतल्यावर दोन-चार वर्षांत त्यांच्यापुढे प्रश्न येतो: ओटा कुजला, नव्या फळ्या कशाच्या घालायच्या? लाकडाच्या, की लाकूड व प्लॅस्टिक मिसळून केलेल्या संमिश्र? आणि त्या बसवायला कोणाला बोलवायचे? प्रश्न घरगुती आहे खरा, पण त्याच्या मागे दीडशेहून अधिक वर्षांचे रसायनशास्त्र उभे आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा दुवा आपल्या देहरादूनचा आहे.

आधी लाकूड कुजते म्हणजे काय होते ते पाहू. पाणी स्वतः लाकूड कुजवत नाही. पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकू शकते, कारण तिथे प्राणवायू नसतो. कुजवते ती बुरशी. तिला अन्न, हवा, ऊब आणि ओल अशा चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे लाकडातले सेल्युलोज आणि लिग्निन, ते तर आहेच. हवा आहेच. उरली ऊब आणि ओल. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी त्यात शिरले, की पेशींच्या भिंती पाण्याने तृप्त होतात आणि बुरशीला रान मोकळे होते. २० टक्क्यांच्या खाली ओल राखली तर लाकडाला धोका नाही असे बांधकामात धरले जाते.

याच दोन गोष्टींवरून थिओडोर शेफर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक सोपे गणित मांडले. महिन्याच्या सरासरी तापमानातून (सेल्सियस अंशांत) २ वजा करायचे. त्या महिन्यात किमान पाव मिलिमीटर पाऊस पडलेल्या दिवसांच्या सरासरी संख्येतून ३ वजा करायचे. दोहोंचा गुणाकार करायचा. वजाबाकी ऋण आली तर शून्य धरायचे. बाराही महिन्यांची बेरीज करून तिला १६.७ ने भागले की त्या गावाचा निर्देशांक मिळतो. ३५ च्या खाली आला तर कुजण्याचा धोका कमी, ६५ च्या वर आला तर जास्त. सिएटलचा निर्देशांक पन्नाशीच्या आसपास येतो. आता कोकणातला एकच जुलै घेऊन पाहा: तापमान २७, पावसाचे दिवस २८ धरले तर (२५ × २५) ÷ १६.७, म्हणजे सुमारे ३७! सिएटलच्या थंड जानेवारीचा वाटा याच रीतीने जेमतेम तीन येतो. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. मात्र आपले हवामान खाते अडीच मिलिमीटर पावसाच्या दिवसालाच पावसाळी दिवस म्हणते, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर उत्तर कमी येईल.

मग कोकणातली घरे कशी टिकली? एक कारण असे, की नोव्हेंबर ते मे या महिन्यांत तिथे लाकूड खडखडीत वाळते. सिएटलला पाऊस रिमझिम, पण ऑक्टोबर ते मेपर्यंत रेंगाळणारा. फळी सुकायच्या आत पुन्हा भिजते. दुसरे कारण लाकडाच्या जातीचे. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच बुरशीला व वाळवीला न रुचणारी द्रव्ये असतात. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावरही असे एक झाड आहे, लाल सीडार. तिथले मूळ रहिवासी, कोस्ट सॅलिश लोक, गोऱ्यांच्या आगमनाच्या कितीतरी आधीपासून याच झाडाच्या फळ्यांची लांबच लांब घरे बांधत आले. त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाचे बुरशीनाशक द्रव्य असते. झाडानेच स्वतःसाठी केलेले हे औषध! पण ते फक्त पक्क्या गाभ्यात असते, बाहेरच्या कोवळ्या लाकडात नाही; आणि जुनी, मोठ्या गाभ्याची झाडे तोडत गेले की संपत जातात.

ज्या लाकडात औषध नाही त्यात ते घालावे ही कल्पना रेल्वेच्या काळात आली. १८३८ मध्ये जॉन बेथेल या इंग्रजाने एक पेटंट घेतले. बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवायचे, हवा उपसून निर्वात करायचे, मग क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, दाबाखाली आत ढकलायचे. रेल्वेचे स्लीपर टिकू लागले. पण क्रिओसोट काळे, चिकट आणि उग्र वासाचे. त्यावर कोणी अनवाणी चालणार नाही.

इथे देहरादूनचा दुवा येतो. तिथल्या वनसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंती कामेसम या रसायनशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये पाण्यात विरघळणारे एक मिश्रण शोधले. त्यात तांबे, आर्सेनिक आणि क्रोमियम यांची संयुगे होती. तांबे बुरशी मारते. आपले सुपारीबागायतदार कोळेरोगावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात ते याचसाठी. आर्सेनिक, म्हणजे आपल्या सोमलातले विषारी मूलद्रव्य, कीटकांचा आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशींचा समाचार घेते. पण हे दोन्ही क्षार पाण्यात विरघळणारे, म्हणजे पहिल्याच पावसात धुऊन जाणार. ही अडचण दूर केली क्रोमियमने. लाकडात शिरल्यावर सहा संयुजेचे क्रोमियम लाकडातल्याच द्रव्यांशी क्रिया करून तीन संयुजेचे होते आणि त्या क्रियेत तांबे व आर्सेनिक लाकडाच्या धाग्यांना न विरघळणाऱ्या रूपात जखडले जातात. पाण्यातून आत जायचे आणि मग पाण्याला दाद द्यायची नाही, ही खरी किमया. आर्सेनिक आणि तांबे यांच्या चिन्हांतील अक्षरे जोडून या मिश्रणाला 'अ‍ॅस्कू' म्हणत. कामेसम यांना १९३८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आढळत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

पुढे अमेरिकेत हे मिश्रण 'सीसीए' या आद्याक्षरांनी ओळखले जाऊ लागले. पाइनसारखे स्वस्त, लवकर वाढणारे आणि लवकर कुजणारे लाकूड त्याने हिरवट होऊन दशकानुदशके टिकू लागले. १९७० नंतर अमेरिकेत घरोघरी ओटे झाले ते मुख्यतः या लाकडाच्या जोरावर. एका घनमीटर लाकडात साधारण ४ ते ६.४ किलो ऑक्साइडे असत आणि त्यांतला सुमारे एकतृतीयांश भाग आर्सेनिकचा. कड्यांखाली मुले खेळत, फळ्यांवर बसून खाऊ खात. जखडलेले आर्सेनिकही थोडेथोडे सुटते, हात लावला तर हाताला लागते, खालच्या मातीत मिसळते, हे मोजमापांतून दिसत गेले. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकी पर्यावरण संरक्षण खात्याने जाहीर केले, की उत्पादक घरगुती वापरासाठी हे लाकूड करणे थांबवत आहेत, आणि २००३ अखेर ते थांबले. असलेले ओटे उपटून टाकण्याची गरज नाही, असेही खात्याने सांगितले. पण लोकांच्या मनात अढी बसायची ती बसली.

संमिश्र फळीचा भाव वधारला तो या वेळी. जन्म मात्र तिचा आधीचा. लाकडाचे पीठ प्लॅस्टिकमध्ये मिसळणे नवे नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेकलँडच्या बेकेलाइटमध्येही ते घालत असत. १९७० नंतर इटलीत पॉलिप्रॉपिलीन व लाकडाचे पीठ यांच्या पत्र्यांपासून मोटारीच्या दारांची आतली अस्तरे केली गेली, आणि १९८३ मध्ये ते तंत्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आले. नव्वदीच्या दशकात त्याला ओट्याची वाट सापडली. मोबिल या तेल कंपनीने १९९२ मध्ये अशा फळ्यांचा धंदा विकत घेतला; १९९६ मध्ये तिच्याच अधिकाऱ्यांनी तो विभाग विकत घेऊन ट्रेक्स नावाची कंपनी थाटली. कच्चा माल काय, तर अर्धा भुसा आणि अर्ध्या टाकाऊ पॉलिथिनच्या पिशव्या व वेष्टने! दोन कचरे एकत्र करून फळी, आणि विष नाही. कल्पना कोणालाही आवडावी अशीच आहे.

या फळ्यांबद्दलचा समज असा होता, की लाकडाचा प्रत्येक कण प्लॅस्टिकच्या वेष्टनात बंद असल्याने त्याला पाणी लागणारच नाही, मग बुरशी कुठली? १९९८ मध्ये मॉरिस आणि कूपर या कॅनडातील संशोधकांनी एक टिपण प्रसिद्ध केले. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात दलदलीवरून जाणारी पायवाट संमिश्र फळ्यांची होती, आणि त्या फळ्यांवर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची छत्रे उगवलेली त्यांना आढळली. समज चुकला कुठे? लाकडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वर गेले, की कण एकमेकांना टेकतात आणि त्यांची एक साखळी तयार होते. पाणी त्या साखळीने कणाकणाने आत सरकते. फार हळू सरकते हे खरे, पण आत गेलेले पाणी तितकेच हळू बाहेर पडते. साधी फळी दोन दिवसांच्या उन्हात सुकते. ही सुकत नाही.

उत्पादकांनी यावर दोन उपाय केले. एक, मिश्रणात झिंक बोरेट हे बुरशीनाशक घातले. दुसरा, २०१० च्या सुमारास सर्रास झालेला: फळी घडतानाच तिच्यावर निव्वळ प्लॅस्टिकची टोपी चढवायची. यात विकत घेणाऱ्याने एक गोष्ट पाहायला हवी. टोपी काही फळ्यांना चारही बाजूंनी असते, काहींना फक्त वर आणि कडांना. ज्या ओट्याखाली वारा खेळत नाही, जमीन सदा ओली आहे, तिथे खालची उघडी बाजू बाधक ठरते. शिवाय अशा फळीवर काळे ठिपके पडले तर लगेच ती कुजली असे समजू नये. पानांचा कुजका चुरा, परागकण यांवरही बुरशी वाढते. ती वरवरची असते आणि साबणाच्या पाण्याने बरीचशी जाते.

तर फळीचा प्रश्न बराचसा सुटला. ओट्याचा मात्र सुटला नाही. संमिश्र फळी भार पडला की हळूहळू वाकते आणि वाकलेलीच राहते, त्यामुळे तिच्या तुळया किंवा कड्या करत नाहीत. म्हणजे वर पंचवीस वर्षांची हमी असलेली फळी आणि खाली पुन्हा औषध घातलेले लाकूडच! आता आर्सेनिक नाही; त्याऐवजी तांबे अधिक घातलेली मिश्रणे आहेत. आणि तांबे अधिक म्हणजे लोखंडाचे खिळे अधिक लवकर गंजणार. ओल्या लाकडात तांब्याचे आयन आणि लोखंड एकत्र आले की काय होते ते आपण मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवून आठवीच्या वर्गात दाखवतोच. म्हणून तिथे गरम जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस पोलादाचेच स्क्रू आणि कंस लागतात. स्वस्त खिळ्यांनी ठोकलेला ओटा वरून नवाकोरा दिसतो आणि आतून सुटत जातो.

याहून नाजूक जागा म्हणजे ओटा घराला जोडलेला असतो ती. भिंतीला टेकवलेल्या आडव्या तुळईवर ओट्याचा निम्मा भार असतो, आणि भिंत व तुळई यांच्या फटीत पावसाचे पाणी शिरून बसते. त्या जागी पत्र्याची पट्टी भिंतीच्या बाह्य आवरणाखाली सरकवून पाणी बाहेर काढून द्यावे लागते आणि तुळई खिळ्यांनी नव्हे, बोल्टांनी बांधावी लागते. कोसळलेल्या ओट्यांच्या तपासात ही जागा वारंवार पुढे येते.

अडकलेले पाणी काय करू शकते, याचा दाखला त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, सिएटलहून कितीतरी कमी पावसाच्या कॅलिफोर्नियात मिळाला. १६ जून २०१५ च्या मध्यरात्रीनंतर बर्कली येथे एका इमारतीचा वरच्या मजल्यावरचा सज्जा तुटून सहा तरुण विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि सात जण जखमी झाले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. सज्ज्याच्या लाकडी कड्या बुरशीने पोखरल्या होत्या; आत अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. २०१८ मध्ये त्या राज्याने अनेक बिऱ्हाडे असलेल्या इमारतींच्या अशा सज्ज्यांची ठरावीक काळाने तपासणी करणे कायद्याने बंधनकारक केले.

म्हणून फळीच्या नमुन्यांत आणि रंगांत महिना घालवणारा गृहस्थ बसवणाऱ्या माणसाची निवड एका फोनवर करतो, याचे आम्हाला नवल वाटते. वॉशिंग्टन राज्यात, जिथे सिएटल आहे, बांधकाम कंत्राटदाराला श्रमखात्याकडे नोंदणी, तारण आणि विमा बंधनकारक आहे, आणि नोंदणी चालू आहे की नाही ते कोणालाही पाहता येते. पण नोंदणी म्हणजे कसब नव्हे. त्याला विचारावे: कड्या किती अंतरावर टाकणार? सरळ फळ्यांना साधारण १६ इंच चालते, तिरप्या फळ्यांना १२. फळ्यांच्या टोकांशी किती फट ठेवणार? लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, प्लॅस्टिक वाढते. पाच मीटरची संमिश्र फळी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत काही मिलिमीटर तरी लांबते, आणि आज तापमान किती आहे हे पाहून फट ठरवणारा कारागीर आपले काम जाणतो. स्क्रू कोणत्या धातूचे? कापलेल्या कड्यांच्या टोकांना औषध लावणार का? कारण दाबाने घातलेले औषध सगळीकडे गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि करवत चालली की कोरे लाकूड उघडे पडते. आणि फळ्या घालण्याआधी भिंतीजवळची पट्टी आम्हाला पाहू द्याल का? फळ्या बसल्यावर ती जागा झाकली जाते. मग तिथे काय चालले आहे ते, फळ्या उचकटल्याशिवाय, कोणालाच दिसत नाही.