पीठ, दुष्काळ आणि टोळ

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी प्राचीन लेणी आहेत, त्यांतील एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आढळते. नाणेघाटाने कोकणच्या बंदरांकडे माल उतरत असे, त्या वैभवाच्या दिवसांतील ही गोष्ट. धान्याने जुन्नरला दान करण्याइतके धन दिले, हे शिळेवर कोरले गेले. परंतु धान्य संपल्यावर माणसाने जात्यात काय घातले, हे कोणी शिळेवर कोरीत नाही. आज त्याच इतिहासाचा थोडा विचार करावयाचा आहे.

शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला ते 1630 साल आपणां सर्वांस पाठ आहे. त्याच वर्षी गुजरात आणि दख्खनमध्ये पावसाने दगा दिला व भीषण दुष्काळ पडला, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे की, मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून विकली जात. पीठ ही केवढी विश्वासाची वस्तू आहे, हे यावरून कळावे. धान्य डोळ्यांना दिसते. पिठात काय आहे हे दळणाऱ्यालाच ठाऊक.

पुढे 1876 ते 1878 च्या दुष्काळात इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडाच्या मापावर आणले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. भूक मोजण्याचे माप कोणाच्या हाती असावे, हाच तो वाद होता.

त्याच सुमारास दुसरे संकट आकाशातून आले. 1878 ते 1884 आणि पुन्हा 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यावर टोळांच्या धाडी आल्या. हा टोळ वाळवंटातला नव्हे. तो हिवाळा सह्याद्रीच्या रानांत काढतो आणि पावसाळ्यात अंडी घालतो. शास्त्रज्ञांनी त्याला ‘मुंबई टोळ’ असेच नाव दिले. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1906 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. माणसाच्या तोंडचे अन्न कीटक खातो, एवढीच गोष्ट आपल्याला यातून दिसली.

पण जगात याची दुसरी बाजूही आहे. अरबस्तानात आणि उत्तर आफ्रिकेत टोळ भाजून, वाळवून, कुटून त्याचे पीठ करीत आले आहेत. पीक गेले तरी पीक खाणारा हाती राहिला, असा तो हिशेब. आपल्याच गडचिरोलीकडे भामरागडचे माडिया लोक तांबड्या मुंग्यांची चटणी आवडीने खातात. ओडिशातील सिमिलिपालच्या अशाच चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

युरोपची कथा तर अधिक बोधप्रद आहे. 2017 मध्ये फिनलंडमधील फाझर या बेकरीने एका पावात सुमारे 70 रातकिड्यांचे पीठ घालून तो विकावयास काढला. 2023 मध्ये युरोपीय संघाने घरगुती रातकिड्याच्या, काही चरबी काढलेल्या, पिठास मान्यता दिली. वाळलेल्या रातकिड्यात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. ज्वारीत तो दहाव्या हिश्शाच्या आसपास. मात्र या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी जी थापली जाते ती उकळत्या पाण्याने पिठातील सत्त्व फुलते म्हणून. कीटकाच्या पिठात ते सत्त्व नाही. म्हणून ते दुसऱ्या पिठात थोडेच मिसळावे लागते. ज्यांना कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही, त्यांना तेही बाधू शकते. आणि शेतात औषध फवारलेले टोळ तर मुळीच खाऊ नयेत. 2020 मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा तिच्यावर फवारणीच झाली होती.

हे सांगण्यात कोणाच्या ताटात काही वाढावे असा हेतू नाही. शाकाहार हा ज्याचा नेम, त्याने तो सुखाने पाळावा. प्रश्न निराळा आहे. ज्या मधावाचून आपले पंचामृत पुरे होत नाही, तो मधही कीटकाच्याच पोटातून आलेला असतो. तो आपण पवित्र मानिला. म्हणजे खाद्य आणि अखाद्य यांमधील रेषा निसर्गाने नव्हे, सवयीने आणि इतिहासाने आखलेली आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या रानापर्यंत, महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. डोंगरउतारावरील भात, नाचणी, वरई यांवर वर्ष निघत नाही, तेव्हा रानभाज्या, कंद, मासे, खेकडे यांवर त्यांनी पिढ्या जगविल्या. त्यांनी वेचलेला हिरडा आपण घेतो, आणि त्यांच्या ताटाकडे मात्र नाक मुरडतो. रानातले अन्न खाणारा तो मागासलेला, आणि तशाच अन्नाचे पीठ कागदी पाकिटातून विकणारा तो पुढारलेला, हा न्याय कोठला?

1972 च्या दुष्काळात कामावरच्या मुलामाणसांना सुकडी वाटली गेली. ती ज्यांनी खाल्ली, त्यांपैकी कित्येक आज आजोबा-आजी झाले आहेत. त्यांना विचारून पाहावे. भुकेच्या वेळी ताटात काय होते यापेक्षा, ते कोणी आणि कोणत्या नजरेने वाढले, हेच माणसाला अधिक काळ आठवते.