दोन परवाने, एक कंपनी
महाराष्ट्र-गोवा परिमंडळातील मोबाइल सेवेचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. व्यापारी कंपन्यांचा जमाखर्च हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे आपल्या मनाला सहसा पटत नाही. वास्तविक ज्या देशावर एका व्यापारी कंपनीने शंभर वर्षे राज्य केले, त्या देशातील माणसांना तरी हे सांगावे लागू नये. आज ज्या दोन कंपन्यांची हकीकत मी आपणांपुढे मांडणार आहे, त्यांनी राज्य केले नाही. परंतु मुंबईतला चाकरमानी आणि लांजा-राजापुराकडे वाडीत राहणारी त्याची आई यांच्यामधले बोलणे कित्येक वर्षे त्यांच्या हाती होते. त्या दोन कंपन्या म्हणजे आयडिया आणि व्होडाफोन. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी त्या एक झाल्या. हे का घडले आणि त्यात आपल्या वाट्याला काय आले, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भूमीविषयी दोन शब्द. पाठीशी सह्याद्री आणि पुढ्यात समुद्र, अशी रत्नागिरीची जागा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ साली तो येथेच निवर्तला. सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले गेले. ज्याला जगापासून दूर ठेवावयाचे त्याला रत्नागिरीस ठेवावे, असाच जणू सरकारचा हिशेब होता. पावसाळ्यात बोटी बंद पडत आणि घाट बेभरवशाचे होत. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. अशा मुलखात दळणवळण ही चैन नव्हे, ती जगण्याची गरज आहे. आणि म्हणून ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्नही आपल्याला नवा नाही. किनाऱ्यावरील आगबोटींचा धंदा करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदिया कंपनीत विलीन झाली आणि १९५३ साली किनारी वाहतुकीसाठी त्याच नावाची नवी कंपनी निघाली, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. कंपनीची पाटी बदलली, तरी धक्क्यावर बोटीची वाट पाहणारा उतारू तोच होता.

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या देशात टेलिफोन आला १८८२ साली, आणि मुंबईत तो आणला तो खाजगी कंपनीने. १८८५ च्या तार कायद्याने या क्षेत्रातील सर्वाधिकार सरकारकडे गेले. मुंबईची टेलिफोन कंपनीही १९४३ साली सरकारने ताब्यात घेतली. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे टेलिफोन म्हणजे सरकारी खाते, असेच समीकरण होते. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने हे दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हे देशातील पहिले मोबाइल संभाषण होय. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे, आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत!

सरकारने देशाची परिमंडळे पाडली आणि प्रत्येक परिमंडळात दोनच खाजगी कंपन्यांना परवाना दिला. मुंबई शहर वेगळे काढून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ झाले. रत्नागिरी त्यात आली. येथील दोन परवान्यांपैकी एक मिळाला बिर्ला उद्योगसमूहाच्या कंपनीला. अमेरिकेतील ए. टी. अँड टी. ही प्रसिद्ध कंपनी तिची भागीदार झाली, आणि १९९७ साली तिची सेवा सुरू झाली. दुसरा परवाना मिळाला बी. पी. एल. कंपनीला. हे दोन परवानेच आजच्या कथेचे दोन नायक आहेत. पुढे त्यांची नावे बदलली आणि मालक बदलले; म्हणून ओळख हरवू नये यासाठी त्यांचा वंशवृक्ष पाहू.

पहिला परवाना बिर्लांचा. टाटांची आंध्रातील मोबाइल कंपनी बिर्लांच्या कंपनीत मिळाली आणि बिर्ला, ए. टी. अँड टी. व टाटा अशी तिघांची मोट बांधली गेली. आद्याक्षरांवरून लोक तिला गमतीने ‘बटाटा’ म्हणत. २००२ साली तिचे नाव आयडिया झाले. पुढे अमेरिकन भागीदार बाहेर पडला, २००६ साली टाटांनीही आपला हिस्सा बिर्लांना विकला, आणि कंपनी पुन्हा एका घराण्याकडे आली. दुसरा परवाना बी. पी. एल. चा. त्या कंपनीचा महाराष्ट्रातील धंदा २००६ च्या सुमारास हचिसन-एस्सार या कंपनीकडे गेला आणि आपल्याकडे ‘हच’ हे नाव आले. २००७ साली इंग्लंडच्या व्होडाफोन कंपनीने हचिसनचा हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरांना घेतला, आणि हचचे व्होडाफोन झाले.

यात एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. ‘बटाटा’ आणि बी. पी. एल. यांच्या विलीनीकरणाचा करार २००१ सालीच जाहीर झाला होता. परंतु तो तडीस गेला नाही. जे लग्न तेव्हा मोडले, तेच सतरा वर्षांनी, नवरा-नवरीची नावे पालटून, पार पडले. १९९५ साली सरकारने या परिमंडळात ज्या दोघांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले होते, त्यांचे वारसच २०१८ साली एका छपराखाली आले.

असे का झाले? याची कारणे मी तीन मानतो.

पहिले कारण परवान्याच्या किमतीचे. १९९५ साली कंपन्यांनी भरमसाट बोली लावून परवाने घेतले. ग्राहक मोजके, दर चढे, आणि सरकारी हप्ता मात्र ठरलेला. हा भार झेपेना, म्हणून १९९९ च्या नव्या धोरणाने ठराविक हप्त्याऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. जमीनमहसुलाच्या भाषेत सांगावयाचे तर धाऱ्याऐवजी बटाई आली. कंपन्या तगल्या, पण ‘उत्पन्न’ म्हणजे नेमके काय, हा वाद तेथेच रुजला. व्याज, भाडे, भंगाराची विक्री हे उत्पन्न धरावयाचे की नाही? सरकार म्हणे, धरावयाचे. कंपन्या म्हणत, फक्त दूरसंचाराचे धरा. हे भांडण वर्षानुवर्षे चालले. त्याचा निकाल पुढे येईल.

दुसरे कारण स्पर्धकांच्या गर्दीचे. २००३ साली आलेल्या फोनचे पैसे बंद झाले. सरकारी बी. एस. एन. एल. ने २००२ पासून मोबाइल सेवा आरंभली होती. २००५ साली मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र यांमधील बोलणे एकाच परिमंडळातले धरले जाऊ लागले. मुंबई-कोकण हे ज्यांचे रोजचे नाते, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय झाली. ग्राहक वाढले, दर कोसळले. २००८ साली सरकारने आणखी परवाने वाटले, आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर लहरींचा लिलाव हाच मार्ग राहिला, आणि लिलावासाठी कंपन्यांनी डोंगराएवढी कर्जे काढली.

तिसरे कारण सर्वांना ठाऊक आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. बोलणे फुकट, आणि आरंभी काही महिने बाकीचेही फुकट! कर्ज काढून बसलेल्या जुन्या कंपन्यांचा श्वास कोंडला. कोणी दिवाळखोरीत गेले, कोणी धंदा एअरटेलला देऊन मोकळे झाले. २० मार्च २०१७ रोजी आयडिया आणि व्होडाफोन यांनी एक होण्याचा निर्णय जाहीर केला. स्पर्धा आयोग, न्यायाधिकरण आणि दूरसंचार खाते यांचे उंबरठे ओलांडण्यास सतरा महिने लागले. खात्याने मागितलेले ७,२६८ कोटी रुपये रोख आणि हमीच्या रूपाने, निषेध नोंदवून, भरावे लागले. नव्या कंपनीत व्होडाफोनचा हिस्सा ४५.१ टक्के आणि बिर्लांचा २६ टक्के ठरला. ग्राहक ४० कोटींच्या वर. त्या दिवशी ती देशातील सर्वांत मोठी मोबाइल कंपनी होती.

येथे एक प्रश्न मनात येतो. दोन दुबळे एकत्र आले म्हणजे एक बलवान होतो काय? दोघांची यंत्रे एकाच टेकडीवर होती, तेथे एक पुरले. तेवढी बचत झाली. पण दोघांची कर्जेही एकत्र आली, आणि कर्जाची बेरीज चुकत नाही. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘उत्पन्ना’चा तो जुना वाद सरकारच्या बाजूने निकालात काढला. एकट्या या कंपनीकडे सरकारने ५८,२५४ कोटी रुपयांची बाकी काढली. त्या तिमाहीत कंपनीने ५०,९२२ कोटींचा तोटा दाखविला. तोवर एवढा तिमाही तोटा भारतातील कोणत्याही कंपनीने दाखविलेला नव्हता. १९९९ साली संकटातून सोडविण्यासाठी केलेल्या सवलतीचीच वीस वर्षांनी बेडी झाली. २०२० साली कंपनीने ‘व्ही’ हे नवे नाव घेतले. नावाने देणे फिटले नाही. शेवटी सरकारनेच आपल्या येण्याचे भागांत रूपांतर केले: २०२३ साली १६,१३३ कोटींचे, आणि २०२५ साली ३६,९५० कोटींचे. सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ पोचला. ग्राहक तोवर निम्म्यावर आले होते. सरकारी खात्यातून खाजगी हातांत आणि तेथून पुन्हा सरकारच्या दाराशी, असा हा प्रवास आहे.

यावर कोणी म्हणेल, कंपन्या बुडोत वा तरोत, आम्हांला स्वस्तात बोलावयास मिळाले ना? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. ज्या सेवेला मिनिटास १६ रुपये पडत, ती भाजीवालीच्या कनवटीस आली, हे स्पर्धेचेच फळ आहे. पण दुकाने कमी झाली की भाव कोणाच्या हाती जातो, हे बाजारपेठेत वावरणाऱ्यांना मी सांगावयास नको. देशात आता मुख्य खाजगी कंपन्या तीन आणि सरकारी एक. त्यांतील एक आणखी गळाली, तर निवड म्हणजे नावापुरतीच उरेल.

आणि कोकणात हा केवळ भावाचा प्रश्न नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडाला झोडपले. वीज गेली, तिच्या पाठोपाठ मोबाइल मुके झाले, आणि मुंबईतील माणसांना घरची खबर कळेना. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही हाच अनुभव आला. अशा वेळी दोन निराळे दोर असले तर एक तुटला तरी दुसऱ्यास धरता येते. दोन कंपन्यांची एक झाली म्हणजे कागदावर ग्राहक तेवढेच राहतात, पण दोर मात्र एकाने कमी होतो. सड्यावरच्या किंवा खाडीपलीकडच्या वाडीत, जेथे मुळातच एखाद्याच कंपनीची रेंज येते, तेथे याचा अर्थ काय होतो, याचा विचार आपणच करावा.

मग आपण काय करावे? विलीनीकरण थांबविणे नागरिकांच्या हाती नसते, हे खरे. परंतु विचारणे हाती असते. कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के वाटा दुर्गम भागात सेवा पोचविण्याच्या निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या कायद्याने त्या निधीला डिजिटल भारत निधी असे नाव मिळाले. हा पैसा शेवटी तुमच्याआमच्या रिचार्जमधूनच जातो. आपल्या तालुक्यातील मुक्या वाड्या किती, आणि त्या निधीतून त्यांच्यासाठी काय झाले, हे ग्रामसभेने आणि नगरपरिषदेने विचारले पाहिजे. वादळात यंत्र किती तास चालेल एवढे तेल वा विजेचा साठा मनोऱ्यापाशी ठेवला आहे, हेही विचारले पाहिजे. आणि ज्या कंपनीत जवळजवळ निम्मा वाटा सरकारचा आहे, तिच्या बाबतीत तर हे प्रश्न ग्राहक म्हणूनच नव्हे, धनी म्हणून विचारण्याचा अधिकार आपणांस पोचतो.

कंपन्यांची नावे यापुढेही बदलतील. ती ध्यानात राहिली नाहीत तरी चालेल. परंतु आपल्या वाडीचे बोलणे कोणाच्या भरवशावर चालले आहे, याची खबर ठेवणे हे आपले काम आहे.