व्हिसेरा राखून ठेवला आहे

आमचा पारोळा तालुका कपाशीचा. कपाशीमागोमाग फवारणीचे औषध आले आणि ते घरांच्या कोनाड्यांपर्यंत पोचले. त्यामुळे एखाद्या घरी अवचित मृत्यू घडला की वर्तमानपत्रातील ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य आम्हां खानदेशवासीयांना पाठ झाले आहे. मृताच्या जठरायकृताचे अंश बरणीत बंद होऊन प्रयोगशाळेकडे जातात आणि इकडे गाव अहवालालाच निकाल मानून बसते. विष निघाले तर घरातलाच कोणी खुनी, न निघाले तर सारे निर्दोष! हे समीकरण किती कच्चे आहे, हे पुण्यातील दोन खटल्यांनी दाखवून दिले.

पहिला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री हे डॉक्टर आपल्या रुग्ण लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेस घेऊन रेल्वेने पुण्याहून मुंबईस निघाले. पहाटे गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ती बेशुद्धावस्थेत दाखल झाली, तीही खोट्या नावाने. त्याच दिवशी दुपारपूर्वी तिचे निधन झाले. कारण लिहिले गेले मधुमेहजन्य मूर्च्छा. शवविच्छेदन झाले ते थेट २३ नोव्हेंबरला. रासायनिक विश्लेषकास विषाचा अंशही सापडला नाही. इकडे डॉक्टर तिच्या नावाने पत्रे धाडीत होते, की आपण पुनर्विवाह करून दूर परमुलखात सुखात आहोत. आणि तिची मालमत्ता हळूहळू त्यांच्याकडे वळत होती.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी फाशीची शिक्षा कायम केली. काही विषे शरीरात मागमूस ठेवीत नाहीत, तेव्हा नकारार्थी अहवालाने आरोपी आपोआप सुटत नाही, असे न्या. हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राचे सार. परंतु न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदवले : मृत्यू नैसर्गिक नव्हता, हेच मुळी सिद्ध झालेले नाही. हे भिन्नमत आम्हांला आजही अस्वस्थ करते, हे नमूद केलेच पाहिजे.

दुसरा सारडा खटला नेमका उलटा. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला आणि पोटॅशियम सायनाइड स्पष्टपणे आढळले. सत्र व उच्च न्यायालयांनी पतीस देहान्ताची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला निर्दोष सोडले. विष होते खरे. पण ते कोणी दिले, की तिनेच घेतले, हे अहवाल सांगत नव्हता. माहेरी लिहिलेल्या पत्रांतून तिची खिन्नता डोकावत होती. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे, न्यायालयाच्या शब्दांत ‘पंचशील’, याच निकालातली.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. तज्ज्ञाचे मत मात्र पूर्वीसारखेच ‘मत’ आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद सोबतच्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आली असून ती अंमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तोवर आणि त्यानंतरही उलटतपासणीत वकिलाला विचारावेच लागेल : बरणीवरील मोहोर शाबूत होती काय? नमुना किती दिवसांनी पोचला? आणि कोणकोणत्या विषांसाठी तपासला?