राज्याचा संघ घडतो कोठे?

राष्ट्रीय स्पर्धेत ‘महाराष्ट्राचा संघ’ उतरला, जिंकला किंवा हरला, असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पण हा महाराष्ट्र म्हणजे नेमका कोण, तो कोठे धावायला शिकला आणि त्याला तेथवर कोणी नेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासाकडे आम्ही आज याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. येरमाळ्याच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात सापडतो.

खो-खो कोणी काढला हे सांगता येत नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. पाठशिवणीचा खेळ सगळ्याच गावांत होता. पण गावोगावचे नियम निराळे असले की दोन गावांचा सामना होत नाही, भांडण मात्र होते! खेळ लिहून काढला म्हणजे तो गावाच्या वेशीबाहेर पडतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचे असेच झाले. मुलांच्या चेंडूफळीच्या अनेक तऱ्हा तेथे होत्या. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने नियम कागदावर उतरविले आणि पुढे तोच खेळ त्या राष्ट्राचा खेळ झाला. आपल्याकडे खो-खोचे नियम बांधण्याचा उद्योग १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने हाती घेतला. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यात भर घातली. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने पुढे नियमांना सर्वमान्य रूप दिले. खुंटांमधली मध्यपाटी, तीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ गडी, पाठलाग करणारा नववा, आणि तिघातिघांच्या तुकड्यांनी मैदानात येणारे पळते गडी, ही आखीव रचना त्या धडपडीचे फळ आहे.

पण पुण्याबडोद्याकडे हे चालले असताना आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. खेळाला सरहद्द अडवीत नाही, संघाला मात्र अडविते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. खो-खोची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा विजयवाड्यास भरली ती १९५९-६० च्या हंगामात. अवघ्या बारा वर्षांत आपल्या जिल्ह्याने तीन राज्ये पाहिली! राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या संघांची असते असे आपण सहज म्हणतो. पण आपला गडी कोणत्या राज्याचा हेच जेथे ठरायचे होते, तेथे ही साधी गोष्टही इतिहासाने मोठ्या कष्टाने मिळवून दिलेली आहे.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापूरला झाली. तोवर राज्यांची फाळणी होऊन गेली होती. खो-खो घडविण्यात ज्यांचा वाटा मोठा, ती पुणे आणि बडोदा ही दोन शहरे काल एका राज्यात होती, आज दोन राज्यांत गेली. नियम मिळून केले आणि मैदानात समोरासमोर उभे राहिले. १९७० साली खो-खोमधला पहिला अर्जुन पुरस्कार गुजरातच्या सुधीर परब यांना आणि १९७१ साली तो गुजरातच्याच अचला देवरे यांना मिळाला. आडनावे पाहा! मराठी मुलखातला हा खेळ भाषेच्या सीमेत राहिला नाही, हे त्यावरून दिसते. आणि महाराष्ट्राला वारशाच्या पुण्याईवर विजय मिळत राहतील हा समजही त्याने मोडून काढला.

मग महाराष्ट्राचा संघ बांधायचा कसा? याचे उत्तर म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांची शिडी. शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्याच्या संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धेला आणि तेथून निवडीने राज्याच्या संघात, अशी ही वाट आहे. राज्याचा संघ राजधानीत जन्मत नाही. तेथे फक्त त्याची यादी लिहिली जाते.

या शिडीवरून धाराशिवसारखा अवर्षणाचा जिल्हा वर का चढला? आमच्या मते पहिले कारण खर्चाचे आहे. यात्रेतला कुस्तीचा फड आपल्याला ठाऊक आहे. पैलवान घडवायचा म्हणजे तालीम हवी, वस्ताद हवा, दूधबदामाचा खुराक हवा. खो-खोला दोन खुंट, चुन्याची रेघ आणि सपाट जमीन एवढ्यावर भागते. ना चेंडू, ना फळी, ना बूट. दुसरे कारण माणसांचे. संध्याकाळ झाली की न चुकता मैदानावर उभा राहणारा शिक्षक ज्या गावाला लाभला, त्या गावाला संघ लाभला.

सारिका काळे यांचे उदाहरण पुढे ठेवतो. उस्मानाबादची ही मुलगी. सुमारे दहा वर्षे दिवसातून एकच वेळ जेवून आपण खेळलो, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला दोन तपांच्या आसपास तो आलेला नसताना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच उस्मानाबादेत भरली. जो जिल्हा राज्याला खेळाडू देत आला, त्याच्या दारी राज्ये खेळायला आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुषांनी व महिलांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरविले. त्या विजयी महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

हा अभिमानाचा भाग झाला. आता काळजीचा. विश्वचषक मातीवर झाला नाही. तो छताखाली, मॅटवर, सात-सात गड्यांचा झाला. २०२२ साली सुरू झालेली व्यावसायिक लीगही मॅटवरच खेळली गेली. याला विरोध करण्याचे कारण नाही. पावसाची अडचण जाते, गुडघे कमी सोलतात आणि परदेशातल्या माणसालाही खेळ नीट दिसतो. पण जो खेळ फुकट होता म्हणून गरिबाच्या घरात शिरला, त्याला आता विकतचे मैदान लागू लागले. मातीत वाढलेली मुलगी निवडीच्या दिवशी प्रथमच मॅटवर पाऊल ठेवील, तर घसरेल कोण हे सांगायला ज्योतिषी नको. शिडी तीच राहील, फक्त तिची खालची पायरी काढून घेतल्यासारखे होईल. ही पायरी राखणे राज्य संघटनेच्या हाती आहे तितकेच तालुक्याच्या हाती आहे. निदान तालुक्याला एक मॅट आणि दर शाळेला एक मोकळे पटांगण ही मागणी मोठी म्हणता येणार नाही.

मराठीत ‘खो घालणे’ म्हणजे अडथळा आणणे. खेळात मात्र ‘खो देणे’ म्हणजे आपली जागा योग्य वेळी दुसऱ्याला देणे, आणि ज्याला द्यायचा तो पाटीवर आधीच तयार बसलेला असावा लागतो. राज्याच्या संघाला दरसाल असे तयार गडी पाटीवर लागतात. ते कळंब, तुळजापूर, येरमाळा अशा गावांच्या शाळांतून यावयाचे आहेत. म्हणून पुढच्या वेळी शाळेच्या पटांगणावर इमारत उठविण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा खो-खोचे खुंट कोठे रोवायचे, हे आधी विचारावे.