फुप्फुसाचा रोग, मोरीची वाट

१४ मार्च २००३ रोजी हाँगकाँगमधील ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत ३३ वर्षांचा एक माणूस आपल्या भावाला भेटायला आला. त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार होता आणि ज्या इस्पितळात तो उपचारासाठी जात असे, तेथे एका अनोळखी न्यूमोनियाची साथ सुरू झाली होती. त्याची प्रकृती बिघडली होती, जुलाबही होत होते. त्याने भावाच्या घरचे शौचालय वापरले. १९ मार्चला तो पुन्हा आला. १५ एप्रिलपर्यंत त्या वसाहतीतील ३२१ जणांना तोच आजार झाला. त्यातले ४१ टक्के रुग्ण भाऊ राहत असलेल्या एकाच इमारतीतले होते.

त्याच्या पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे नाव जाहीर केले : सिव्हियर ॲक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम, म्हणजेच सार्स. नावातच 'श्वसन' होते. ताप, खोकला, धाप आणि छातीच्या एक्स-रेवरील डाग ही रोगाची ओळख ठरली. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. ॲमॉय गार्डन्समधील ७५ रुग्णांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांना पाण्यासारखे जुलाब झाल्याचे आढळले. बहुतेकांच्या शौचात विषाणूची जनुकद्रव्ये सापडली. दुसऱ्या एका गटाने रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींमध्ये विषाणूचे कण होते आणि तरीही आतड्याची रचना फारशी बिघडलेली नव्हती.

पण एका शौचालयातून रोग इतक्या घरांत गेला कसा? इथे थोडे मोरीकडे वळायला हवे.

मोरीच्या जाळीखाली इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी असते. वाकात पाणी साठून राहते आणि सांडपाण्याच्या नळातली हवा वर येऊ शकत नाही. आपल्याकडचे प्लंबर या भागाला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात (आपली न्हाणी अशी थेट इंग्रजी कॅटलॉगात जाऊन बसली आहे!). ॲमॉय गार्डन्समधील बहुतेक कुटुंबे न्हाणीघराची फरशी पाण्याने न धुता नुसती पुसून घेत. त्यामुळे वाकातले पाणी वाळून गेले होते. दार लावून पंखा सुरू केला की पंखा बाहेर टाकील तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. ती त्या कोरड्या नळीतून, मैल्याच्या सामाईक नळातून आत येई. तिच्याबरोबर विषाणू असलेले सूक्ष्म थेंब येत आणि पंखा ते दोन घरांमधल्या अरुंद चौकात फेकी. ऊबदार दमट हवा वर चढते. म्हणून रोगही वर चढला. तपास करणाऱ्यांनी मांडलेले हे चित्र रुग्ण कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला होते याच्याशी बरेच जुळते. वर्गात काचेची वाकडी नळी आणि पाणी घेऊन यातला पहिला भाग सहज दाखवता येईल.

श्वसनाच्या रोगात पोट बिघडणे ही गोष्ट तशी नवी नव्हती. १८८९-९० च्या इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीत डॉक्टरांनी रोगाचे श्वसनाचा, पोटाचा आणि मज्जासंस्थेचा असे प्रकार पाडले होते. तेव्हा विषाणू ही कल्पनाच नव्हती. लक्षणांवरून जे दिसे ते लिहिले जाई. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्याच्या मदतीने माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला. पुढे १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली आणि १९७२ साली कापिकियन यांनी तिचा विषाणू पाहिला. त्याचा इन्फ्लुएंझाशी काही संबंध नव्हता. इंग्रजीत 'पोटाचा फ्लू' म्हणून जे ओळखले जाई, त्यातला बराचसा फ्लू नव्हताच. ही मोठी प्रगती होती. तिच्याबरोबर एक सवयही लागली असे आम्हाला वाटते : श्वसनाचे विषाणू एका कप्प्यात, पोटाचे दुसऱ्यात. २००९ च्या नव्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतील पहिल्या ६४२ रुग्णांपैकी सुमारे चौथाई जणांना जुलाब होत होते, तेव्हा त्याचे नवल वाटले ते या सवयीमुळेच.

पशुवैद्यांना मात्र हे कप्पे कच्चे असल्याचे आधीपासून ठाऊक होते. डुकरांच्या पिलांना होणारा एक जीवघेणा जुलाब १९४६ साली विषाणूजन्य ठरला. तो विषाणू कोरोना कुळातला. दोन आठवड्यांहून लहान पिले त्यातून क्वचितच वाचत. १९८४ साली बेल्जियममध्ये त्याचाच एक भाऊबंद सापडला. त्याच्या काट्याच्या प्रथिनातून दोनशेहून अधिक अमिनो आम्लांचा तुकडा गळला होता, आणि तेवढ्याने आतड्याचा विषाणू श्वसनमार्गाचा झाला होता! जुलाब थांबले, खोकला आला. अवयव बदलायला एवढा एक तुकडा पुरतो.

माणसाच्या बाबतीत उत्तर २००३ च्या अखेरीस मिळाले. सार्सचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन काही फुप्फुसासाठी राखीव नाही. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर ते भरपूर असते. अन्नातील अमिनो आम्ले शोषणाऱ्या वाहक प्रथिनाला ते साथ देते. विषाणूला अवयवाचे नाव कळत नाही. ज्या पेशीला कुलूप आहे आणि ज्याची किल्ली त्याच्याजवळ आहे, तिथे तो शिरतो.

कोविडचा विषाणूही याच प्रथिनाला चिकटतो. तरी २०२० च्या आरंभी पुन्हा ताप आणि खोकलाच शोधला गेला. वुहानच्या एका इस्पितळातील १३८ रुग्णांपैकी १४ जणांना ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधी जुलाब आणि मळमळ होत होती. त्याच रुग्णांपैकी एकाची तक्रार पोटाची होती, म्हणून त्याला शस्त्रक्रिया विभागात ठेवले गेले. तिथे कोणी श्वसनरोगाची खबरदारी घेण्याचे कारण नव्हते. त्याच्यापासून त्या विभागातील दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना लागण झाली असावी, असे डॉक्टरांनी नंतर नोंदवले. अमेरिकेतील पहिल्या रुग्णाला, वुहानहून परतलेल्या ३५ वर्षांच्या माणसाला, मळमळ आणि उलट्या होत होत्या. त्याच्या शौचातही विषाणूची खूण मिळाली.

विद्यार्थी इथे हमखास विचारतील : मग कोविड शौचातून पसरतो का? तपासणीत सापडते ते विषाणूचे आरएनए. ते अखंड, पेशीत शिरू शकणाऱ्या विषाणूचे असेल किंवा मोडक्या तुकड्यांचेही असेल. जिवंत विषाणू शौचातून वाढवता आल्याची उदाहरणे थोडी आहेत आणि कोविडचा मुख्य मार्ग श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या कणांचाच आहे. ॲमॉय गार्डन्समध्ये वाळलेली नळी, पंखा आणि अरुंद चौक एकत्र आले होते.

त्या मोडक्या तुकड्यांचा मात्र उपयोग झाला. खोकला असो वा नसो, चाचणी झालेली असो वा नसो, लागण झालेल्या अनेकांच्या शौचातून हे तुकडे गटारात जातात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरांच्या सांडपाण्याचे नमुने तपासले. आमर्सफोर्ट शहराच्या सांडपाण्यात विषाणूची खूण सापडली, तेव्हा त्या शहरात कोविडच्या एकाही रुग्णाची नोंद झालेली नव्हती.