शाळेच्या बाकापासून संसारापर्यंत

मराठी पडद्यावर किशोरवयीन प्रेमाला बहर आला तो २०१२ ते २०१६ या काळात. सुजय डहाकेंचा ‘शाळा’, रवी जाधवांचा ‘टाइमपास’, नागराज मंजुळेंचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे सगळे याच काळातले. पहिल्या प्रेमाची हुरहुर या चारही चित्रपटांना अचूक सापडली. ‘शाळा’तली पोरं अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून मुलींच्या गप्पा मारतात, आणि बाहेर आणीबाणी चालू असते. पण प्रेमात पडणं म्हणजे वयात येणं नव्हे, आणि नेमकी इथेच यांतल्या बऱ्याच कथांची गाडी अडते. मुलगी तर त्या वाढण्यात जवळजवळ नसतेच. ‘शाळा’ची नायिका शिरोडकर गाव सोडून जाते आणि कॅमेरा नायक जोशीच्या दुःखापाशी थांबतो. ‘टाइमपास’मध्ये नायिका प्राजक्ताच्या भवितव्याचा निकाल वडिलांचा धाकच लावतो.

कथा मुलाच्या नजरेतून सांगितली की मुलगी दूरच राहणार, असं यावर कुणी म्हणेल. ‘फँड्री’पुरतं ते मला मान्य आहे, कारण तिथे तो दुरावाच कथेचा विषय आहे. नायक जब्याचं कुटुंब गावासमोर डुक्कर धरत असताना हसणाऱ्यांत त्याला आवडणारी शालूही असते. जब्याचं बालपण त्या हसण्यात संपतं, आणि त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. ‘टाइमपास’मधल्या दुराव्यामागे असं काही नाही. नायक दगडू आणि प्राजक्ता यांच्यातली सामाजिक दरी तिथे अडथळ्यापुरती आणि हशापुरती वापरली जाते.

म्हणूनच ‘सैराट’चा उत्तरार्ध मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. तो रेंगाळतो, पूर्वार्धातली झिंग तिथे उतरते, अशी तक्रार पुष्कळांनी केली. झिंग उतरते हे खरं, पण ती उतरायलाच हवी होती. पाटलाच्या घरात वाढलेली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिथल्या पाण्याची, संडासाची तिला किळस येते, स्वयंपाक जमत नाही. मग ती कारखान्यात कामाला लागते, परकी भाषा शिकते. पळून गेलेल्या जोडप्याचा दुसरा दिवस कसा उजाडतो, हे प्रेमकथा सहसा दाखवत नाहीत; मंजुळेंनी तो सावकाश, गाण्यांचा आधार न घेता दाखवला. रक्ताळलेल्या पावलांनी चालणाऱ्या मुलाचं अखेरचं दृश्य केवळ धक्का ठरत नाही ते यामुळे. दोघांनी काडी काडी जमवून उभं केलेलं काय मोडलं, ते तोवर आपल्याला पुरतं ठाऊक झालेलं असतं.

उणीव याच उत्तरार्धात आहे, आणि ती लहान नाही. संशयाने पछाडलेला जोडीदार परश्या आर्चीवर हात उगारतो, ती घराकडे निघते आणि परत येते. तिकडे परश्या गळफास घ्यायला निघालेला असतो. त्याच्या पश्चात्तापाला चित्रपट एवढं टोक देतो. पण ती का परतली, त्या प्रवासात तिच्या मनात काय चाललं होतं, यासाठी त्याच्याकडे सवड नाही. मराठीतल्या सर्वांत धीट नायिकेचा सर्वांत अवघड निर्णय आपल्याला बाहेरूनच पाहावा लागतो.